पंचवीस लाख येणे, आणि पगाराला पैसे नाहीत

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. भांडुपच्या गाळ्यात चौदा बायका पगाराची वाट बघत होत्या आणि बँकेच्या खात्यात ६१ हजार रुपये होते. पगाराला २ लाख २० हजार लागणार होते. त्याच संध्याकाळी लॅपटॉपवरच्या येणे-यादीत एकाच खरेदीदाराच्या नावापुढे २५ लाख १० हजारांचा आकडा दिसत होता. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी दिवाळी आम्ही नुकतीच पार पाडली होती.

हे कसं झालं आणि त्यातून बाहेर पडायला पुढचं वर्षभर काय काय करावं लागलं, ते लिहून काढते आहे. फराळाचा, मसाल्याचा, साबणाचा, कपड्यांचा छोटा धंदा चालवणारे आणि आता मोठ्या दुकानांत शिरू बघणारे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. त्यांना यातले आकडे उपयोगी पडावेत.

धंदा सासूबाईंचा. १९८२च्या गिरणी संपानंतर सासऱ्यांची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. १९८३ साली लालबागच्या चाळीतल्या खोलीत आईंनी चकलीची भाजणी करून विकायला सुरुवात केली. तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, हा त्यांचा नियम अजून गाळ्यात पाळला जातो. मी २०११मध्ये धंद्यात आले, नवरा २०२२मध्ये नोकरी सोडून आला. २०२३ अखेरीस आम्ही महिन्याला साधारण ९ लाखांचा माल विकत होतो. गिरगाव, दादर, विलेपार्ले, मुलुंड, ठाणे इथली साठ-पासष्ट दुकानं. बहुतेक दुकानदार पुढचा माल उतरवताना मागच्याचे पैसे देत. कोणी पंधरा दिवस लावले तर आम्हाला ते फार वाटायचे.

डिसेंबर २०२३मध्ये एका मोठ्या सुपरमार्केट साखळीच्या खरेदी विभागाचा मेल आला. नाव लिहीत नाही. त्यांच्या माणसाने आमची चकली विलेपार्ल्याच्या एका दुकानात घेतली होती आणि त्याला ती आवडली होती. व्हेंडर कोड, म्हणजे त्यांच्याकडचा पुरवठादार क्रमांक, मिळेपर्यंत नऊ आठवडे गेले. अन्न परवान्याची प्रत (आमचा राज्य परवाना होता, कारण वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या वर), जीएसटी प्रमाणपत्र, ८९०ने सुरू होणारे बारकोड, पोषणमूल्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल, रद्द केलेला चेक. त्या फॉर्मवर उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) विचारली नव्हती आणि मीही दिली नाही. त्या एका चुकीबद्दल पुढे लिहिते.

करारात ६० दिवसांची उधारी होती. मी सही केली. सगळ्यांनाच ६० असते, असं बायर म्हणाला आणि मी पुढे काही विचारलं नाही.

मार्च २०२४मध्ये माल लागला. ठाण्याच्या दुकानात आईंना घेऊन गेले. त्या रॅकपुढे उभ्या राहिल्या, पाकीट हातात घेतलं, उलटं करून आपला पत्ता वाचला आणि परत जागेवर ठेवताना सरळ करून ठेवलं. "अगं, हे बघायला हे असायला हवे होते," एवढंच म्हणाल्या. हा प्रसंग मुद्दाम सांगते, कारण पुढे जे निर्णय घ्यायला मला उशीर झाला त्यामागे आकड्यांइतकाच तो रॅक होता.

अकरा दुकानांवरून जूनपर्यंत ३८ दुकानं झाली. महिन्याची विक्री ९ लाखांवरून १७ लाखांवर गेली, त्यातले ८ लाख एकट्या साखळीचे. आम्ही शेजारचा गाळा भाड्याने घेतला. साखळीला माल उतरवून घेताना त्याचं दोन तृतीयांश आयुष्य शिल्लक हवं असतं, म्हणून पाकिटात नायट्रोजन भरणारं मशीन घेतलं. त्यासाठी १८ लाखांचं मुदत कर्ज काढलं, महिन्याला ३९ हजारांचा हप्ता. तारण द्यावं लागलं नाही, कारण सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, हमी मिळाली. या हमीबद्दल गैरसमज पुष्कळ आहे. ती बँकेला मिळते. आपलं कर्ज आपल्यालाच फेडायचं असतं आणि हमीचं शुल्कही वरून आपणच भरतो.

बाहेरून बघणाऱ्याला हा चढता आलेख दिसत होता. नातेवाईक अभिनंदन करत होते. मला मात्र जुलैपासून महिन्याच्या वीस तारखेची धास्ती बसायला लागली होती आणि का ते नीट सांगता येत नव्हतं.

आता सांगता येतं. ६० दिवस हे बिलाच्या तारखेपासून धरत नव्हते. त्यांच्या गोदामाने माल मोजून पावती टाकली की तिथून मोजणी सुरू. गोदामात गर्दी असेल तर पावतीला पाच-सहा दिवस. त्यानंतर पैसे महिन्यातून दोनदाच सुटायचे, एक वारी चुकली की पंधरवडा गेला. प्रत्यक्षात ७५ दिवस पडत होते. महिन्याला ८ लाखांचा माल आणि ७५ दिवसांची उधारी म्हणजे कायमचे २० लाख आमच्या खिशातून त्यांच्या रॅकवर. ते २० लाख आम्ही कधी वेगळे काढून ठेवलेच नव्हते. तेलवाल्या शेठचे, पाऊचवाल्याचे आणि आमच्या घरखर्चाचे पैसे त्यात गुंतत गेले.

जीएसटीचा भाग वेगळाच. त्या वेळी पाकीटबंद फरसाणावर १२ टक्के होते. आम्ही दरमहा रिटर्न भरतो, त्यामुळे या महिन्यात बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरायचा, पैसे मिळाले असोत वा नसोत. ८ लाखांच्या मालावर ९६ हजार. तेलावर ५ टक्के आणि पाऊचवर १८ टक्के आम्ही भरलेला कर वजा जाऊनही साठेक हजार रुपये दर महिन्याला खिशातून आधी जायचे आणि दोन-अडीच महिन्यांनी परत यायचे. विक्री जितकी वाढेल तितकी ही रक्कम मोठी.

आणि मग सप्टेंबर. १४ सप्टेंबर २०२४पासून केंद्राने खाद्यतेलांवरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण प्रभावी कर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेला. दिवाळी दीड महिन्यावर, आमच्या कढया दिवसाचे चौदा तास चालू, आणि १५ किलोच्या डब्यामागे साधारण चारशे रुपये वाढले. चणाडाळही महाग होत होती. दादरच्या दुकानदारांना मी संध्याकाळी फोन केले, पुढच्या खेपेपासून पाकीट इतक्याने वाढेल म्हणून सांगितलं. कुरकुर झाली, पण सगळे हो म्हणाले, कारण त्यांच्याकडे इतरांचाही माल वाढून येत होता. साखळीत एमआरपी बदलायला ४५ दिवस आधी कळवायचं असतं आणि दिवाळीचे दर ऑगस्टमध्येच ठरलेले. ऑक्टोबरमध्ये आम्ही त्यांना १२ लाखांचा माल दिला. जुन्या भावाने.

७ नोव्हेंबरला बायकांना मी खरं सांगितलं. उद्या शुक्रवार आहे, उद्याच्या वारीत पैसे येतील असं तिकडच्या अकाउंट्सने कळवलं आहे, सोमवारी पगार देते. कोणी आवाज चढवला नाही. एकजण पिशवी उचलता उचलता म्हणाली, "ताई, पोराच्या क्लासची फी उद्याची आहे, पण बघते मी." शुक्रवारी पैसे आले नाहीत. सोमवारी सकाळी पाटल्या बँकेत ठेवून अडीच लाखांचं सोनेतारण कर्ज काढलं आणि दुपारी पगार केले. एकेचाळीस वर्षांत आमच्याकडे पगार पहिल्यांदा चुकला होता. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

त्याच आठवड्यात मुलुंडला सीए मॅडमकडे गेले. तोवर त्यांच्याकडे आम्ही फक्त रिटर्नपुरते जायचो. त्यांनी नफा-तोटा पत्रक बाजूला ठेवलं आणि एक कोरी शीट उघडली. आडवे तेरा आठवडे. प्रत्येक आठवड्यात हातात काय आहे, काय येणार, काय जाणार. येणाऱ्या रकमा करारातल्या तारखेला लिहायच्या नाहीत, तो खरेदीदार आजवर खरोखर ज्या दिवशी देत आला आहे त्या हिशेबाने लिहायच्या, हा त्यांचा पहिला नियम. जाणाऱ्या रकमांत ५ तारखेचं भाडं, ७ तारखेचे पगार, १० तारखेचा हप्ता, २० तारखेचा जीएसटी, तेल, डाळ, पाऊच, टेम्पोचं डिझेल, आणि घरात लागणारे पैसेही. आम्ही तो शेवटचा रकाना कधी लिहिला नव्हता. दोन तास लागले. सहाव्या आठवड्यात ४ लाख १० हजार उणे दिसले. म्हणजे हातातल्या ऑर्डरी जशाच्या तशा पुरवत राहिलो असतो, तर नाताळच्या सुमाराला पुन्हा तेच झालं असतं आणि त्या वेळी ठेवायला पाटल्या नव्हत्या.

मग त्यांनी मला एका पाकिटाचा हिशेब मांडायला लावला. हे मी घरी, रात्री, नवऱ्याबरोबर बसून केलं आणि मला वाटतं आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे. १०० रुपये एमआरपीचं चकलीचं पाकीट. साखळीचं मार्जिन ३० टक्के, म्हणजे आम्हाला ७० रुपये मिळणार, त्यातून १२ टक्के जीएसटी काढला की ६२ रुपये ५० पैसे. कच्चा माल २९, पाऊच आणि खोका ६, मजुरी ९, भाडं-गॅस-वीज-हप्ता ६, पोहोचवणं ४. एकूण ५४. उरले साडेआठ. इथपर्यंतचा हिशेब मी करार करताना केला होता आणि साडेआठ रुपये मला चांगले वाटले होते. त्यापुढचा केला नव्हता. परत येणारा आणि फुटलेला माल अडीच रुपये. त्यांच्या 'दोनवर एक मोफत' योजनांतला आमचा वाटा १ रुपया ९० पैसे. ७५ दिवस अडकलेल्या पैशांचं १२ टक्क्यांनी व्याज पावणेदोन रुपये. राहिले २ रुपये ३५ पैसे. सप्टेंबरनंतर तेलाने दीड रुपया आणि डाळीने साठ पैसे जास्त घेतले. उरले २५ पैसे.

तेच पाकीट गिरगावच्या दुकानदाराला आम्ही ८० रुपयांना देतो. कर, खर्च, वाढलेलं तेल, वाढलेली डाळ आणि पंधरा दिवसांचं व्याज सगळं धरून पाकिटामागे पंधरा रुपये राहत होते. भाव वाढवून मिळाला तो वेगळाच.

नवरा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण दादर-गिरगावच्या पैशांनी ३८ दुकानं पोसत होतो." दिवाळीआधीच्या चार महिन्यांत साखळीच्या मागणीपायी गिरगावातल्या तीन दुकानांना आम्ही वेळेवर माल दिला नव्हता. त्यातल्या एकाने दुसऱ्याची चकली ठेवायला सुरुवात केली होती. ते दुकान अजून परत आलेलं नाही.

वसुलीची गोष्ट आता. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६चा आहे. त्याच्या कलम १५नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि ती ठरलेली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. म्हणजे मी सही केलेले ६० दिवस कायद्यापुढे टिकणारे नव्हते. कलम १६ म्हणतं की उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागेल. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

या संरक्षणासाठी माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असली पाहिजे, असं सीए मॅडमनी बजावलं. आमची होती, २०२१मध्ये बँकेच्या एका कामासाठी केली होती. पोर्टलवर ही नोंदणी फुकट होते, आधार, पॅन आणि जीएसटी लागू असेल तर त्याचा क्रमांक एवढंच लागतं. ज्यांनी केली नसेल त्यांनी पहिली ऑर्डर जाण्याआधी करावी. मात्र आमच्या एकाही बिलावर तो क्रमांक छापलेला नव्हता आणि व्हेंडर फॉर्ममध्येही दिलेला नव्हता, त्यामुळे तिकडच्या अकाउंट्सच्या लेखी आम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग नव्हतोच. ही ती चूक. दुसऱ्या दिवसापासून बिलाच्या डोक्यावर उद्यम क्रमांक छापायला लागलो आणि प्रमाणपत्राची प्रत मेल केली.

जानेवारी अखेरीपर्यंत जुन्या बिलांचे १२ लाख नेहमीच्या संथ गतीने आले. दिवाळीनंतर नवा माल आम्ही अगदी थोडा देत होतो. १३ लाख १० हजार राहिले होते. पत्राचा मसुदा माझ्याकडे डिसेंबरपासून तयार होता. पाठवायला फेब्रुवारी उजाडला. भीती साधी होती. कायद्याचं कलम लिहून पाठवलं की ते आम्हाला काढून टाकतील, ठाण्याचा तो रॅक जाईल आणि आईंना मी काय सांगू? जवळजवळ प्रत्येक छोट्या पुरवठादाराला ही भीती असते आणि उशिरा पैसे देणाऱ्यांना ती पक्की ठाऊक असते. म्हणून हा कायदा इतकी वर्षं असूनही आमच्यासारखे लोक वापरत नाहीत.

पत्रात कलम १५ आणि १६बरोबर तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम ४३बी(एच)चा उल्लेख होता. हे १ एप्रिल २०२४पासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चपर्यंतही थकलेलं राहिलं, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. बायरचा फोन आला, तो दुखावला होता, "मॅडम, आपले संबंध चांगले होते," म्हणाला. मी म्हटलं, "सर, संबंध चांगलेच आहेत, मला पगार करायचे आहेत." आवाज थरथरला असणार. पण मार्च लागल्यावर तिकडच्या अकाउंट्सने स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र पुन्हा मागवलं आणि २८ मार्चला ८ लाख ९० हजार जमा झाले. एप्रिलमध्ये पाटल्या सोडवून आणल्या.

उरलेले ४ लाख २० हजार त्यांनी डेबिट नोटा काढून कापले होते, परत आलेला माल आणि योजनांचा वाटा म्हणून. यासाठी मे महिन्यात थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या समाधान पोर्टलवर अर्ज केला. केंद्राने २०१७मध्ये हे पोर्टल सुरू केलं. बिलं, खरेदीच्या ऑर्डरी (पीओ), माल पोहोचल्याच्या पावत्या चढवायच्या होत्या. तेव्हा अर्ज आधी खरेदीदाराकडे जायचा, त्याला उत्तर द्यायला १५ दिवस मिळायचे, मग राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमला तर लवाद. कायद्यात निकालाला ९० दिवस दिले आहेत, पण प्रत्यक्षात जास्त लागतात हे गृहीत धरून चला. आमचं प्रकरण परिषदेपुढे उभं राहिलंच नाही, त्याआधीच साखळीने आम्हाला बोलावून घेतलं. टेबलावर दोन्हीकडचे कागद मांडले तेव्हा कळलं की दीड लाखाचा परत माल खरा होता. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आमच्या काही पाकिटांचं सील सुटलं होतं आणि चकली मऊ पडली होती. दोष आमचा, तो मी मान्य केला. २ लाख १० हजार त्यांनी दिले. उरलेल्या ६० हजारांवर आणि व्याजावर मी पाणी सोडलं. सीए मॅडमना ते पटलं नाही. मला अजूनही दोन्ही बाजू दिसतात.

याच काळात ट्रेड्सवरही, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी केली. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट ही तिथली सुरुवातीपासूनची तीन व्यासपीठं. आपण बिल चढवायचं, खरेदीदाराने ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि सर्वांत कमी व्याजाची बोली घेतली की दोन दिवसांत पैसे आपल्या खात्यात. मुदत संपल्यावर बँक खरेदीदाराकडून वसूल करते, त्याने बुडवलं तर आपल्या मागे येत नाही. व्याजाचा दर खरेदीदाराची पत बघून ठरतो, म्हणून तो आमच्यासारख्यांना बँकेत मिळणाऱ्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. कल्पना फार चांगली आहे. अडचण मधल्या पायरीवर आहे. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५पर्यंत नोंदणी सक्तीची झाली, बिल मान्य करण्याची सक्ती मात्र नाही. आमच्या खरेदीदाराची नोंदणी होती आणि आमचं बिल 'प्रलंबित' राहायचं.

बँकेकडून खेळत्या भांडवलाची सीसी (कॅश क्रेडिट) मर्यादा मिळवणं त्यामानाने सोपं गेलं, आणि ते मशीनच्या आधी करायला हवं होतं. नायक समितीच्या सूत्राने अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्क्यांपर्यंत बँक देते, ५ टक्के आपण घालायचे. आम्हाला १५ लाखांची मर्यादा मिळाली. दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि आमच्या बँकेत ९० दिवसांहून जुनी येणी त्यात धरत नाहीत. म्हणजे जो उशीर करतो त्याच्यामुळे आपली उचलही कमी होते.

मग १९ पदार्थांची यादी घेऊन बसलो. चकली, कडबोळी, भाजणी, मेतकूट, पोह्यांचा चिवडा आणि शेव या सहांमधून तीन चतुर्थांश विक्री होती. उरलेल्या तेरांचे पाऊचचे छापील रोल माळ्यावर पडून होते, कारण छापणारा एका डिझाइनचा किमान ठरावीक माल घ्यायलाच लावतो. मोजले तर ५ लाख २० हजारांचे. सात पदार्थ बंद केले. पालकशेव बंद करताना मला वाईट वाटलं, ती माझी होती.

आईंना सांगायचं काम मी सगळ्यात शेवटी केलं. ३८ दुकानांपैकी ११च ठेवायची, जिथे माल पडून राहत नव्हता ती, आणि तिथेही फक्त तीन पदार्थ, ४५ दिवसांत पैसे, योजनेत वाटा नाही, असा प्रस्ताव आम्ही दिला होता. साखळीने तो मान्य केला याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ठाण्याचं दुकान मात्र त्या अकरांत नव्हतं. आईंनी ऐकून घेतलं. "पगार वेळेवर होतील ना आता?" असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी कमी बोलल्या. तिसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन भाजणीचा रंग कमी आला आहे म्हणून सगळा घाणा परत भाजायला लावला.

मधल्या काळात एक गुंतवणूकदारही येऊन गेला. ४० लाख देऊन २० टक्के हिस्सा, आणि तीन वर्षांत दहा पट विक्री. माणूस सज्जन होता, त्याचे प्रश्न चांगले होते. अंधेरी-पवईकडच्या ज्या नव्या खाद्य कंपन्या तिसरं पाकीट फुकट देतात, त्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून देतात आणि तोटा सोसत बाजार पकडणं हेच त्यांचं ठरवलेलं धोरण असतं. त्यांच्यासाठी ते बरोबर असेल. भाजणी वेगवेगळी भाजायला चौदाच्या जागी दीडशे बायका कुठून आणायच्या आणि त्यांना शिकवणार कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून नाही म्हटलं.

२२ सप्टेंबर २०२५पासून फरसाणावरचा जीएसटी १२चा ५ टक्के झाला. आम्ही एमआरपी उतरवली, जुन्या पाकिटांवर आठवडाभर नवे स्टिकर लावले. २० तारखेचा बोजा हलका झाला. त्या दिवाळीत एकूण विक्री आदल्या दिवाळीपेक्षा पाच लाखांनी कमी झाली, आणि ७ नोव्हेंबर २०२५ला दुपारी बारापर्यंत पगार झाले होते.

आता घरपोच माल देणाऱ्या एका कंपनीने विचारलं आहे, मुंबईतल्या त्यांच्या नऊ केंद्रांवर चकली आणि चिवडा. पहिल्या मेललाच मी उद्यम प्रमाणपत्र जोडलं आणि तीन गोष्टी लेखी मागितल्या: दिवस कुठल्या तारखेपासून मोजणार, परत मालाचं प्रमाण किती टक्क्यांपर्यंत, आणि ट्रेड्सवर बिल मान्य करणार का. पहिल्या दोन गोष्टींची उत्तरं आली आहेत. तेरा आठवड्यांच्या शीटमध्ये नऊ केंद्रं भरली की आठव्या आठवड्यात १ लाख ९० हजार उणे दिसतात. चार भरली तर कुठेच उणे येत नाही. मंगळवारी अंधेरीला त्यांची भेट आहे, चारचा कागद घेऊन जाते आहे.